गजन पिनचे चार बुश आणि मला घातलेली टोपी

हे लिहायला उशीरच झाला कारण मधले दोन महिने नुसता चिडलेलो होतो, आता डोकं जरा शांत झालंय. गाडी 1950 च्या दशकातली, चार सिलिंडरची, इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायला घेतलं होतं. बोअर, क्रँक, व्हॉल्व्ह सीट ही मोठी कामं नीट झाली, तिथे काही तक्रार नाही. फसलो कुठे, तर कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकात गजन पिनसाठी (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) जे अंगठीएवढे बुश असतात ना, तिथे. (काही इंजिनांत पिन रॉडमध्येच बोल्टने आवळलेली असते, तिथे बुश नसतोच, तेव्हा आधी आपल्या इंजिनाचं मॅन्युअल बघा.)

ज्याला काम दिलं त्याने सांगितलं की चारही काढतो, फॉस्फर ब्राँझचे नवीन प्रेस करतो आणि रीमर (भोक बरोबर मापाचं करायचं हत्यार) मारून पिनला मॅच करतो. बोलायला एकदम गोड. मी पण हुशारी दाखवली, म्हटलं जुने मला परत पाहिजेत. हो म्हणाला आणि दिलेही, पिशवीत तेलाने माखलेले चार झिजके बुश. मी खूश, पिशवी ड्रॉवरमध्ये टाकली आणि विसरलो.

इंजिन बांधलं, दोनेकशे किलोमीटर गाडी मस्त चालली. मग हलक्या ॲक्सिलरेटरवर बारीक टकटक सुरू झाली, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी. एकेका प्लगची वायर काढून बघितली तर तीन नंबरला आवाज बदलत होता. त्याच्याकडे गेलो तर म्हणे टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आवाज आहे, टॅपेट सेट केले तरी तेच, मग म्हणे नवीन इंजिन आहे, बसू दे थोडं. आणि मी गाढवासारखा अजून तीन आठवडे गाडी चालवली!

शेवटी एका जुन्या टर्नरकडे इंजिन खोललं आणि त्याने रॉड एकामागून एक टेबलावर मांडले. एक नंबरचा बुश खरंच नवीन, ब्राँझचा, फिटिंग एकदम बरोबर. बहुधा त्या दिवशी मी तिथे उभा होतो म्हणून. तीन नंबरला साधं पितळ. लोक सांगतात लोहचुंबक लावून बघा, पण त्याने काही कळत नाही, पितळ आणि ब्राँझ दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. कानशीने कडेला जरा घासलं की पितळ पिवळं दिसतं आणि ब्राँझ लालसर, शेजारी शेजारी धरलं की लगेच लक्षात येतं. बरं पितळ तर पितळ, त्याला ऑइल होलच पाडलं नव्हतं. रॉडच्या डोक्यावर भोक असतं, उडणारं तेल तिथून पिनवर जातं, बुश प्रेस करताना त्याचं भोक रॉडच्या भोकासमोर यायला लागतं किंवा प्रेस केल्यावर तिथूनच ड्रिल मारायचं असतं. याने काहीच केलं नाही, तेलाची वाटच बंद, पिन कोरडी चालून निळी काळी पडलेली.

दोन आणि चार नंबरची तर वेगळीच गंमत. ते बुश बदललेच नव्हते. जुन्याच बुशच्या कडेला गोल गोल पंच मारून धातू आत दाबला होता आणि वर एमरी (पॉलिश पेपर) फिरवली होती, हातात धरलं की पिन घट्ट वाटते पण टेकलेली असते फक्त कडेच्या त्या उंचवट्यांवर. थोडी चालली की ते झिजतात आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, परत जिथल्या तिथे. वर एमरीमुळे भोक दोन्ही तोंडांना रुंद झालं होतं, म्हणजे पिन डुगडुगणार आणि पिस्टन तिरका चालणार, चार नंबरच्या पिस्टनवर तिरपा घासल्याचा डाग दिसतच होता.

मग मला ती पिशवी आठवली. दोन बुश रॉडमध्येच बसलेत तर पिशवीत चार कुठून आले? व्हर्नियर लावला तर चारही बुशांचा बाहेरचा व्यास आमच्या रॉडच्या भोकापेक्षा 2 मिलिमीटर जास्त! प्रेस फिट बुश भोकापेक्षा मोठा असतो तो मिलिमीटरच्या काही शंभरांश भागाने, 2 मिलिमीटर म्हणजे ते दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचे. त्याच्याकडे असले जुने बुश डबाभर पडलेले असणार, कोणी मागितले की द्यायला. म्हणजे नुसतं जुनं सामान परत मागून काही उपयोग नाही, रॉड देण्याआधीच प्रत्येक बुशच्या कडेला सुईने आपली खूण करा आणि फोटो काढून ठेवा.

सगळ्यात जास्त राग आला तो तीन नंबरच्या रॉडचा. बुश काढायची सोपी पद्धत आहे, लांब बोल्ट, एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान व्यासाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा पाइप, नट आवळत जायचं, बुश आपोआप बाहेर सरकतो. याने छिन्नी घातली होती, रॉडच्या भोकात आत खोल ओरखडा. टर्नरने भोक होन करून (दगडाने आतून घासून) गोल केलं आणि बाहेरून जाड बुश करून बसवला म्हणून रॉड वाचला, नाहीतर या गाडीचा रॉड शोधत बसलो असतो.

पहिल्याकडे गेलो तर उत्तर तयारच होतं, इंजिन दुसऱ्याने खोललंय ना, आता माझी जबाबदारी नाही. यात मी कच्चा पडलो, खोलताना त्याला समोर बोलवायला हवं होतं, निदान व्हिडिओ तरी काढायचा. आणि खरं तर पिस्टन आत जाण्याआधी दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. पिनला तेल लावायचं, रॉड हातात धरायचा, पिन अंगठ्याने दाबली की सावकाश आत सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडली तर लूज आणि हातोडी लागली तर टाइट. वरच्या भोकातून बारीक तार घालून बघायची, पिनला टेकली पाहिजे. इंजिन बांधून झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

क्रँकच्या मागच्या टोकातला गिअरबॉक्स शाफ्टचा बुश मी नंतर घरीच काढला, भोकात ग्रीस भरून बरोबर मापाचा गोल दांडा हातोडीने ठोकला, ग्रीसच्या दाबाने बुश मागे सरकत बाहेर आला. नवीन आधी तेलात भिजवून बसवला. रॉकरचे (व्हॉल्व्ह उघडणारे छोटे दांडे) आठ बुश अजून बाकी आहेत, प्रत्येकावर खूण करून ठेवलीय, आणि रीमर फिरेल तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसणार आहे, कोणाला राग आला तरी चालेल.