अपघाती मृत्यूचा दावा आणि आमचे वकील: अडीच वर्षांचा अनुभव

फेब्रुवारी २०२३ मध्ये खेड शिवापूरजवळ टेम्पोची धडक बसून माझ्या वहिनीचा मृत्यू झाला. तिचे वय ३८ होते. मागे माझा थोरला भाऊ, दोन शाळकरी मुले आणि त्यांच्याकडेच राहणारी आमची आई. नुकसानभरपाईचा दावा आम्ही साताऱ्यातील ज्या वकिलांकडे सोपवला, त्यांच्या कामाविषयी हे लिहीत आहे. काही तक्रारीही असल्यामुळे त्यांचे नाव देत नाही.

शवविच्छेदनाची वाट पाहत आम्ही रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हाच एक अनोळखी गृहस्थ भावाशेजारी येऊन बसले आणि "क्लेमचे सगळे आम्ही बघतो, मिळेल त्यातले तीस टक्के द्या; दावा मात्र पुण्यातच लावावा लागेल," असे सांगू लागले. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत या दोन्ही गोष्टी खोडून काढल्या. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार वारस जिथे राहतात तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही (अशा भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयातही) अर्ज करता येतो. आपली फी त्यांनी तीन हप्त्यांत, कागदावर लिहून दिली.

आम्ही त्यांच्याकडे पोहोचलो तोवर चार महिने उलटले होते. १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. त्यांनी पोलीस ठाण्यातून प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा आणि टेम्पोच्या विम्याचे कागद स्वतः मिळवले आणि पंधरा दिवसांत अर्ज दाखल केला. अर्जदारांमध्ये आईचेही नाव घातले. सासू ही कायदेशीर वारस कशी, असा आक्षेप विमा कंपनीने घेतला. त्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल दाखवला, ज्यात मृत जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूला भरपाईच्या दाव्यापुरते कायदेशीर प्रतिनिधी मानले आहे.

खरा वाद उत्पन्नाचा होता. वहिनी घरी ब्लाउज शिवत असे. पगारपत्रक नाही, आयकराचे विवरणपत्र नाही. वकिलांनी विचारले, "मापे कशात लिहीत होत्या?" तेव्हा शिलाई मशीनच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. पानोपानी गिऱ्हाइकाचे नाव, छाती-कंबर-बाहीची मापे, ठरलेली शिलाई आणि घेतलेली आगाऊ रक्कम. त्यांनी ती वही पुराव्यात दाखल केली आणि दोन गिऱ्हाईक बायकांची साक्षही घेतली. गृहिणीच्या श्रमाचेही मोल धरावे लागते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले असल्याने घरकामाचा मुद्दा त्यांनी वेगळा मांडला. न्यायाधिकरणाने महिना १२,००० रुपये धरले.

पुढचा हिशेब त्यांनी आम्हाला आधीच समजावून दिला होता, आणि या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मी तीच मानतो. स्वतंत्र व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे. चार अवलंबित, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी त्यातून एक चतुर्थांश वजा करायचा. उरलेल्या वार्षिक रकमेला वयाप्रमाणे १५ ने गुणायचे. याचे २२,६८,००० रुपये होतात. सहवास गमावल्याची भरपाई, अंत्यसंस्काराचा खर्च आणि व्याज याशिवाय.

हा हिशेब डोक्यात होता म्हणूनच एक चूक सापडली. भावाच्या पुराव्याच्या शपथपत्रात वहिनीचे वय ३८ ऐवजी ४८ टंकलेले होते. त्या वयाला वाढ २५ टक्के आणि गुणक १३, म्हणजे त्याच उत्पन्नावर १७,५५,००० रुपये. एका आकड्याने ५,१३,००० रुपयांचा फरक! शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला होता हे खरे, पण उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांना आयते कोलीत मिळाले असते. कारकुनाने शांतपणे दुसरी प्रत काढून दिली. दिलगिरीचा शब्द मात्र नाही.

इतर तक्रारीही याच जातीच्या आहेत. कार्यालयात दूरध्वनी उचलला जात नाही. तीन वेळा भाऊ रोजगार बुडवून न्यायालयात गेला आणि तिथे कळले की तारीख पुढे गेली आहे. लोकअदालतीत विमा कंपनीने १४ लाखांचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा कनिष्ठ वकिलांनी तो घ्यावा असा आग्रह धरला, पण तिथल्या तडजोडीवर अपील करता येत नाही हे सांगितले नाही. ते वरिष्ठांनी संध्याकाळी सांगितले आणि आम्ही नकार दिला.

निकाल गेल्या वर्षी लागला. मुलांचे हिस्से ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत आहेत. फीपोटी ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागितला गेला नाही. निळी वही मात्र अजून न्यायालयाच्या दप्तरात आहे. ती परत मिळावी असा अर्ज द्या म्हणून मी दोनदा त्यांच्या कार्यालयात जाऊन आलो आहे.