नौपाड्यातलं नाण्यांचं दुकान: बारा रुपये, पण एका ओळीतले

मी डेंटल लॅबमध्ये काम करते. दिवसभर कॅपची शेड जुळवायची, हेच काम. शेजारचे दात ए३ शेडचे, म्हणजे जरा पिवळट असतील तर मधली कॅप जास्त पांढऱ्या ए१ची करून चालत नाही. कितीही सुरेख झाली तरी माणूस हसला की तीच दिसते. नाणी जमवताना मात्र हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते लक्षात आणून दिलं ठाण्यातल्या गोखले रोडच्या आतल्या गल्लीतल्या, पहिल्या मजल्यावरच्या या दुकानानं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मला पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये हवे होते, १९११ ते १९२२, दर वर्षाचा एक. आजीच्या ट्रंकेत तीन निघाले होते, त्यातल्या एकाला माळेत ओवण्यासाठी कडी लावलेली. कडी कुणीतरी काढून टाकलेली, पण मुकुटाच्या वर काठावर झाळल्याची खूण राहिलीच. तो मी तसाच आजीची आठवण म्हणून ठेवलाय. बाकीचे विकत घ्यायला निघाले आणि नेमकी उलट्या टोकाकडून सुरुवात केली.

पहिला घेतला १९१८चा, अगदी कोरा, यूएनसी. तो सहज मिळतो. पहिल्या महायुद्धात इथे चांदीची इतकी टंचाई झाली की अमेरिकेनं १९१८च्या पिटमन कायद्याखाली पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली, ती इथल्या रुपयांसाठी. त्या वर्षांचे रुपये आजही ढिगानं सापडतात. मग १९१७चाही कोरा घेतला. १९११चा मात्र वर्षभर मिळेना. राजाच्या छातीवरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, रुपये मागे घ्यावे लागले आणि १९१२पासून हत्ती नीट काढला गेला, हा तो रुपया. शेवटी एका विक्रेत्याकडून फोटो पाहून मागवला. लिहिलं होतं यूएनसी. हातात आल्यावर भिंगाखाली धरला तर सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेच्या बारीक रेघा. घासून चमकवलेला होता. परत घेतला नाही त्यांनी.

हे तिन्ही घेऊन मी या दुकानात गेले. दुकानदार काकांनी विकायचं नावच काढलं नाही. काळ्या मखमलीवर तिन्ही ओळीनं मांडले, ट्यूबलाइट बंद केली, खिडकी उघडली आणि म्हणाले, "ताई, आता लांबून बघा." दोन कोऱ्या रुपयांवर ती फिरती चमक होती, नाणं कलतं केलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते ती. मधला पांढराफटक, मेलेला. मला माझ्या टेबलावरचे दातच दिसले.

"सर्वात अवघड नाणं आधी बघायचं," ते म्हणाले. "१९२१, १९२२ आणि १९११. हे तीन तुम्हाला कोणत्या दर्जाचे परवडतात ते ठरवा. मग बाकीचे नऊ त्यांना जुळवायचे. सोप्या नाण्यावरून दर्जा ठरवलात तर अवघड नाण्यापाशी अडकणार."

हिशेब केला. तिन्ही यूएनसी घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. व्हीएफ, म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले, सहज परवडत होते, पण त्यात मिशीचे केस सपाट होतात आणि मुकुटावरचे मोती एकमेकांत मिसळतात. मला ते बघवत नाही. मग त्या दोन्हींच्या मधल्या एक्सएफवर आलो. भुवई, कानाची पाळी, मिशीचा फुगवटा एवढ्या उंच जागी हलकी झीज, अंगरख्यावरची नक्षी पूर्ण, मागच्या बाजूच्या कमळाच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या सुट्ट्या मोजता याव्यात. माझे दोन्ही कोरे रुपये त्यांनी रास्त भावानं बदलून घेतले. घासलेला १९११ घेतला नाही आणि का घेत नाही तेही सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

या दुकानाची खरी किंमत कळते ती निवडताना. १९१६च्या एका वर्षाचेच त्यांच्या ट्रेमध्ये तीस-पस्तीस रुपये होते. एक शनिवार सकाळ मी खिडकीपाशी बसून त्यातला एक निवडला. सगळे एक्सएफ म्हणूनच ठेवलेले, तरी एकाचा गाल पुसट, एकाच्या काठाला ठेच, एकावर निळसर-जांभळा रंग चढलेला. तो निळसर फार देखणा होता आणि मी तो हातात धरून खूप वेळ बसले. पण माझे तोवरचे सगळे मऊ राखाडी रंगाचे होते, खोलगट जागी थोडे काळपट. शेवटी तसाच एक घेतला. दर्जा सारखा आणि रंग वेगळा असेल तरी ओळ बिघडते, हे कोणत्याही कॅटलॉगपेक्षा मला त्या खिडकीत जास्त पटलं. चहा आला, कुणी घाई केली नाही.

१९२२चा रुपया त्यांनी तीन महिन्यांनी फोन करून दाखवला. त्या वर्षीचे रुपये फक्त मुंबईच्या टांकसाळीतले, म्हणजे मागच्या बाजूला खालच्या कमळापाशी बारीक उठावदार टिंब असायलाच हवं. कलकत्त्याच्या नाण्यांवर ते नसतं. "टिंब नसेल तर १९१२चा आकडा कोरून बदललेला असू शकतो," असं म्हणून त्यांनी दहापटीचं भिंग माझ्याच हातात दिलं. टिंब होतं, आकड्याभोवतीचा पृष्ठभाग अखंड होता. मग वजनकाटा काढला. हा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, वापरलेला असल्यामुळे किंचित कमी भरला, तेवढं चालतं. त्याच दिवशी त्यांच्याकडे दुसरा १९२२ही होता, जवळजवळ कोरा. मी त्याच्याकडे बघत राहिले तेव्हा म्हणाले, "तो घेऊ नका. तुमच्या ओळीत तो एकटा पडेल." महाग नाणं विकायचं सोडून असं सांगणारा दुकानदार मी पाहिला नव्हता.

तक्रारीही आहेत. पाकिटांवरचे दर्जे सगळे काकांनी लिहिलेले नाहीत. निळ्या शाईतली अक्षरं त्यांच्या मुलाची आहेत आणि त्याचा एक्सएफ मला दोनदा व्हीएफच्या वरचा, पण एक्सएफच्या खालचा वाटला. लेबल वाचू नका, नाणं बघा. दुसरं, पाकिटं मऊ पीव्हीसीची आहेत. ठाण्याच्या पावसाळ्यात त्यात नाणं ठेवलं की हिरवट चिकट थर येतो. माझ्या १९१३वर आला होता, शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढावा लागला, घासायचं अजिबात नाही. घरी आल्यावर लगेच कडक कॅप्सूलमध्ये हलवा आणि डब्यात सिलिका जेल टाका. भावही रोज चांदीच्या दराबरोबर हलतात, त्यामुळे "उद्या येते" म्हटलं तर उद्याचा भाव. लिफ्ट नाही. दुपारी एक ते चार बंद.

बारापैकी अकरा झाले. १९१५ राहिलाय. मागच्या आठवड्यात एक आला होता, दर्जा अगदी हवा तसा, पण कानामागे घासल्याच्या रेघा होत्या. मी काही बोलायच्या आत काकांनीच तो परत ट्रेमध्ये ठेवला.