कॅन-अॅम स्पायडर: एफ-३ एस घ्यावी की आरटी? दोन्ही चालवून बघितल्या, त्याबद्दल

वर्षभर आमच्या घरात एकच विषय चालला होता. कॅन-अॅमची तीन चाकी स्पायडर घ्यायची हे पक्कं होतं पण स्पोर्टी एफ-३ एस घ्यायची की लांबच्या प्रवासाची आरटी लिमिटेड हे काही केल्या ठरत नव्हतं. शेवटी दोन्ही वेगवेगळ्या वीकेंडला भाड्याने आणून चालवल्या आणि मगच ठरवलं. कुणी याच पेचात असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तीन चाकं कशाला ते सांगतो. साताऱ्यात कॉलेजला असताना आरएक्स १०० होती, यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं म्हणजे सण असायचा. इकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आल्यावर बरीच वर्षं चांगली मोठी बाइक चालवली. मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सिग्नलला जड गाडीचा तोल त्या पायावर घ्यायचा नाही. दोन वर्षं गाडी कव्हर घालून उभी राहिली, शेवटी विकली. विकताना फार वाईट वाटलं. तेव्हा हिनेच स्पायडरचं सुचवलं, म्हणाली अहो ती तीन चाकांची असते ना, तिचा तोल सांभाळावा लागत नाही, ती बघा की.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, म्हणजे रिक्षाच ना? नाही, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. रिक्षाला पुढे एक चाक आणि मागे दोन, स्पायडरला पुढे दोन आणि मागे एक. वळणात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकतं, रिक्षाला नेमकं त्या कोपऱ्यात चाकच नसतं म्हणून ती कलंडायला बघते. स्पायडरला तिथे रुंद टायर असतो. ही मांडणी आली बर्फावरून. बनवणारी कंपनी बीआरपी, क्वेबेकमधल्या व्हॅल्कोर्ट गावची, म्हणजे ज्या बॉम्बार्डिए कंपनीने १९५९ मध्ये स्की-डू ही बर्फावरची गाडी काढली त्यांचीच परंपरा. स्की-डूला पुढे दोन स्की आणि मागे एक पट्टा असतो, स्पायडरला त्या जागी चाकं आली. २००७ मध्ये पहिली स्पायडर आली, आरटी २०१० च्या मॉडेलपासून आणि एफ-३ २०१५ पासून.

आता महत्त्वाचा मुद्दा, जो शोरूममध्ये कुणी नीट सांगत नाही. दोन्ही गाड्यांचं इंजिन एकच आहे. रोटॅक्सचं १३३० सीसीचं तीन सिलिंडरचं, ऑस्ट्रियात बनतं, ११५ हॉर्सपॉवर, १३० न्यूटन मीटर टॉर्क. गिअर सहा, शिवाय रिव्हर्स. सेमी ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतोच, डाव्या अंगठ्याने गिअर वर आणि बोटाने खाली, आणि स्पीड कमी झाला की खालचा गिअर गाडी आपला आपण टाकते. म्हणून स्पोर्टी म्हणजे जास्त ताकदवान आणि टूरिंग म्हणजे मरगळलेली असा समज असेल तर आधी काढून टाका. फरक आहे तो बसण्यात, वजनात, वाऱ्यात आणि सामानात. आणि मागे कोण बसणार त्यात, पण त्यावर नंतर येतो.

दोन्हीत जे सारखं आहे ते आधी सांगतो कारण बाइकवाल्याला पहिले दोन तास ही गाडी परकी वाटते. एक तर हाताचा ब्रेकच नाही. उजव्या पायाखाली एकच पेडल, तेच तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. पहिल्या सिग्नलला माझी बोटं लिव्हर शोधत हवेत मिटली, छातीत धस्स झालं, तेवढ्यात पाय पोचला. दुसरं म्हणजे गाडी वळणात झुकत नाही. बाइकला आपण वळणाच्या उलट हँडल दाबून झुकवतो, ती सवय इथे पूर्ण विसरायची, हिचं हँडल सरळ वळवायचं, पॉवर स्टिअरिंग असल्याने हात दुखत नाहीत पण अंग मात्र बाहेर फेकलं जातं म्हणून खांदा आत घालून बसावं लागतं. वळणात जोरात घुसलात आणि आतलं चाक हलकं व्हायला लागलं की स्टेबिलिटी सिस्टीम स्वतः ताकद कमी करते, हवं त्या चाकाला ब्रेक लावते. थांबताना पाय खाली टाकायचा नाही, ही सवय मोडायला मला पूर्ण दिवस लागला.

आणि खड्डे! बाइकवर खड्डा चुकवणं आपल्या रक्तात असतं, कारवाला तो दोन चाकांच्या मधून काढतो. इथे पुढची दोन चाकं वाचवून खड्डा मधोमध घेतलात तर मागचं चाक बरोबर त्यात जातं. म्हणजे तीन वाटा बघून चालवायचं. लेनच्या मध्यावर गाड्यांचं तेल सांडून काळा पट्टा झालेला असतो, मागचं चाक नेमकं त्यावरून धावतं, पावसाच्या पहिल्या सरीनंतर हे लक्षात ठेवा.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. तीन चाकीला इथे साधं कारचं क्लास सी लायसन्स चालतं, बऱ्याच इतर राज्यांत वेगळं लागतं तेव्हा आपापल्या राज्याचं बघा. हेल्मेट मात्र सक्तीचं आहे आणि असायलाच हवं. पण ट्रॅफिकमध्ये दोन लेनच्या मधून गाडी काढायची जी मुभा इथल्या कायद्याने बाइकला दिलीय ती फक्त दोन चाकांना आहे, स्पायडरला नाही, आणि दीड मीटर रुंद गाडी तशी मावणारही नाही. ऑफिसला लवकर पोचायला म्हणून कुणी ही घेणार असेल तर घेऊ नका.

आता एफ-३ एस. शनिवारी सकाळी एकटा निघालो, स्कायलाइन रस्ता, म्हणजे ३५ नंबर, डोंगराच्या कण्यावरून जातो, दोन्ही बाजूला रेडवूडची उंच झाडं, सावली इतकी दाट की सकाळी नऊला रस्ता ओला असतो. एफ-३ ची सीट फक्त ६७५ मिलिमीटर उंच, गाडीवर बसतो असं वाटतच नाही, गाडीत बसतो असं वाटतं. पाय पुढे सोडलेले, हात थोडे लांब, आणि पेगची, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीची, जागा पुढेमागे पाच ठिकाणी बसवता येते, माझ्या उंचीला एक घर मागे घेतली तर कंबर एकदम मोकळी झाली. समोर काच जवळजवळ नाहीच, सगळं जग अंगावर येतं. आरटीपेक्षा ती पन्नासेक किलोने हलकी आहे आणि ते आकड्यापेक्षा वळणात जास्त कळतं, एका वळणातून दुसऱ्या वळणात टाकताना गाडी लगेच ऐकते. स्पोर्ट मोड टाकला की स्टेबिलिटी सिस्टीम जरा सैल सोडते, मागचं चाक थोडं सरकू देते. मी एकदाच केलं, मोकळ्या वळणावर, आणि कासच्या रस्त्यावरचा वीस वर्षांचा मी आठवलो. अॅलिसेस रेस्टॉरंटपाशी ८४ चा रस्ता येऊन मिळतो, वीकेंडला तिथे शेकडो बाइकवाले जमतात, तिथे चहा घेतला, चार जण गाडी बघायला आले, खूप छान वाटलं. पुढे ९ नंबरने साराटोगाला उतरलो. उतरताना ठरवूनच टाकलं होतं की हीच घ्यायची.

मग घरी येऊन हिला मागे बसवून फ्रीवेला नेलं. वीस मिनिटांत तिने खांद्यावर थाप मारली. मागची सीट म्हणजे छोटी उशी, पाठीला आधार काही नाही, आणि पासष्ट मैलाच्या स्पीडला वारा माझ्या छातीवर आदळून तिच्या हेल्मेटला झोडपत होता. मी गॅस दिला की ती मागे ओढली जायची म्हणून सगळा वेळ माझं जॅकेट घट्ट धरून होती. तक्रार तिने केली नाही. फक्त उतरल्यावर म्हणाली, तुम्ही जा हो, मला एखाद वेळेस न्या.

ते वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं.

पुढच्या वीकेंडला आरटी लिमिटेड आणली. पहिली गोष्ट, ही खरोखर मोठी आहे. कोरडं वजन (पेट्रोल-तेल न धरता) ४६४ किलो, सीट ७५५ मिलिमीटर, समोर रुंद फेअरिंग म्हणजे वारा अडवणारं कवच, बटणाने वरखाली होणारी काच. सामानाला सगळं मिळून १७७ लिटर, एफ-३ एसला पुढच्या डिकीत जेमतेम २४ लिटर मिळतात म्हणजे जॅकेट, डबा आणि पाण्याची बाटली संपलं. आरटीत आम्ही दोघांचे दोन दिवसांचे कपडे, थर्मास, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तिचं औषधाचं पाऊच, सगळं टाकलं तरी मागचा टॉप केस, म्हणजे सीटमागची पेटी, अर्धा रिकामा.

१०१ नंबरच्या हायवेने खाली दक्षिणेला निघालो. गिलरॉय आलं की हवेतच लसूण असतो, कारमध्ये बसून तो इतका येत नाही, ही मागून म्हणाली कुणीतरी फोडणी टाकलीय. आणि हे मला ऐकू आलं! साठच्या वर स्पीड होता, काच पूर्ण वर घेतली होती, आणि नुसत्या आवाजात बोलणं ऐकू आलं. मोंटेरेकडे वळल्यावर दुपारचा आडवा वारा सुटतो, तिथे गाडी थोडी हलते, रुंद अंगावर वारा जास्त बसतो, हे खरंय, एफ-३ तिथे जास्त शांत राहिली असती असं मला वाटतं. पण तीन चाकं रस्त्यावर असल्याने भीती नाही, हँडल घट्ट न आवळता सैल धरायचं एवढंच.

कार्मेलच्या पुढे हायवे १. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट पॅसिफिक. १९३२ सालचा बिक्सबीचा पूल आला तेव्हा धुकं खाली होतं आणि कमान वर तरंगत होती. हा रस्ता दरडी कोसळून वारंवार बंद होतो, अगदी आपल्या घाटांसारखाच, त्यामुळे निघायच्या आधी बघून घ्या, आम्ही बिग सरपर्यंत जाऊन परत फिरलो. वळणात आरटी एफ-३ सारखी उडी घेत नाही. वळणाच्या आधीच स्पीड ठरवून घ्यायचा, मग ती रेल्वेसारखी वळते. मागचं सस्पेन्शन हवेचं, दोघांचं वजन आणि सामान धरून आपोआप उंची जुळवतं, पुलाच्या सांध्यांवर पाठीला दणका नाही. धुक्यात थंडी वाजायला लागली तर मागे बसणाऱ्यासाठीही गरम होणाऱ्या मुठी आहेत. हिला ते माहीत नव्हतं, मी सांगितल्यावर तिने बटण दाबलं आणि थोड्या वेळाने आरशात बघतो तर ती पाठ टेकून, हात सोडून, समुद्राकडे बघत बसलेली. जॅकेट धरलं नव्हतं. मला तिथेच उत्तर मिळालं होतं, पण गुडघा मधे आला.

कारण माझ्या गुडघ्याला खरं तर एफ-३ जास्त मानवली होती. नावाला स्पोर्टी असली तरी तिच्यावर पाय लांब सुटतात. आरटीवर खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसतो, गुडघा दुमडलेला, दीड तासाने डावा पाय बोलायला लागला. म्हणजे टूरिंग म्हटलं की आरामाचीच असणार असं धरून चालू नका, कुणाचं काय दुखतं त्यावर आहे. कंबर दुखणाऱ्या माझ्या एका मित्राला बरोबर उलटा अनुभव आला, त्याला पाय पुढे सोडले की मणक्यावर भार येतो. त्यामुळे पाच मिनिटांच्या टेस्ट राइडवर निर्णय घेऊ नका, किमान दोन तास सलग चालवा, भाड्याचे पैसे गेले तरी चालतील.

मधला मार्ग पण आहे, एफ-३ लिमिटेड. बसणं एफ-३ चं, मागे टॉप केस आणि पाठीला टेकू, सामान १३८ लिटर. एकटं फिरणं जास्त आणि दोघांचं कधीकधी असं ज्यांचं असेल त्यांनी हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. मी पण जवळजवळ तिच्यावरच आलो होतो. शोरूममध्ये हिला बसवलं, टेकू ठीक वाटला, पण समोरचा आडोसा आरटीइतका रुंद नाही आणि तिला वाऱ्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

मग विचार केला की गुडघ्याला उपाय करता येतो. आरटीला लांब फूटबोर्ड आहेत, पाय मागेपुढे सरकवता येतो, शिवाय हायवेसाठी पुढे जादा पेग लावता येतात, आणि दर तासाला उतरून चार पावलं चालायला मला कुणी अडवलेलं नाही. पण मागे बसणाऱ्याला वारा लागतोय, पाठीला आधार नाही, याला एफ-३ एसवर मला काही करता येणार नव्हतं.

आरटी लिमिटेड घेतली, वापरलेली. नवीन घेताना दोन्हींच्या किमतीत काही हजार डॉलरचा फरक पडतो, जुन्यात तो कमी होतो. एका डीलरने माझ्यासमोर गाडी आजच घेतली नाही तर उद्या नसेल वगैरे चालवलं आणि सर्व्हिसचे कागद मागितले तर टाळाटाळ केली, तिथून सरळ निघालो. दुसऱ्याकडे सगळे कागद होते. जुनी बघताना मागचा टायर नक्की बघा, मधोमध सपाट झालेला असेल तर त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या, कारण सगळी ताकद त्या एका चाकातून जाते आणि ते पुढच्यांपेक्षा खूप लवकर झिजतं. मागचं चाक फिरवणारा बेल्ट आणि तो सरळ रेषेत आहे का ते बघा. सर्व्हिस दर १५००० किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा, ती झालीय का विचारा. रिव्हर्स टाकून बघा, एवढी जड गाडी उतारावरच्या पार्किंगमधून हाताने मागे ओढता येत नाही.

स्कायलाइनला अजून जातो. वळणं हळू घेतो, मधे मधे एफ-३ ची आठवण येते, नाही म्हणत नाही. परवा निघताना एकटाच जाणार होतो, हेल्मेट घातलं, गाडी बाहेर काढली, तर ही आधीच जॅकेट घालून दारात उभी, हातात थर्मास.