फक्त बायकांची स्नोशूइंग ट्रिप, स्नोक्वाल्मी पास: जा बिनधास्त, पण पार्किंग पासचं आधी बघा

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंडकडे राहणाऱ्या, बर्फ बघायला आवडतो पण स्की म्हटलं की टरकणाऱ्या सगळ्या जणींसाठी हे लिहितेय. गाइडसकट एका दिवसाची स्नोशूइंग (बुटाखाली रुंद चौकट बांधून बर्फावर चालणं) ट्रिप, फक्त बायका आणि त्याही अगदी नवशिक्या, जागा गोल्ड क्रीक पाँड, म्हणजे आय-90 वर स्नोक्वाल्मी पास ओलांडला की एक्झिट 54. मी आणि माझी मोठी जाऊ गेलो होतो, वहिनी नाशिकहून आल्यात, वय 56, आणि बर्फाचा अनुभव म्हणजे एकदा रोहतांगला भाड्याचे गमबूट घालून काढलेले फोटो. कंपनीचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि तसंही अशा ट्रिपा इथे बरेच जण नेतात.

आधी खरं सांगते, नुसतं चालायला गाइड लागत नाही. सपाट वाट, तळ्याला चक्कर, संपलं. आणि ते तळं पण नैसर्गिक नाहीये बरं का, हायवे बांधताना खडी काढून झालेला खड्डा आहे तो, पण समोर चिकामिनचा डोंगर आणि बाजूला रॅम्पार्ट रिज असं काही उभं असतं ना की खड्डा वगैरे विसरायला होतं. पैसे वसूल होतात ते चालणं सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात आणि मध्ये मध्ये थांबून गाइड जे दाखवते त्यात.

पार्किंगमध्येच तिने सगळ्यांच्या कपड्यांची तपासणी घेतली, अक्षरशः मोजे दाखवा म्हणाली. कॉटन अजिबात नको, कारण कॉटन एकदा घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबलात की अंगावर गार पडतं. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, वर फ्लीस, त्यावर पाणी आत न येणारं जॅकेट. वहिनींनी रेन पँटच्या आत मस्त जाड सुती सलवार घातलेली, गाइडने गाडीतल्या खोक्यातून एक्स्ट्रा फ्लीसची टाइट्स काढून दिली आणि टॉवेलचा आडोसा धरला. "अगं, हिने मला भर पार्किंगमध्ये सलवार बदलायला लावली," असं वहिनी अजून फोनवर सगळ्या नाशिकला सांगतायत.

अजून एक, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे म्हणाली, म्हणजे जाड जॅकेट काढून बॅगेत ठेवा. कुणालाच पटेना. दहा मिनिटांत सगळ्याजणी घामाघूम आणि चेन उघडायला लागल्या. सह्याद्रीत आपण दमलो की वाऱ्याला थांबतो, घाम सुकवतो, बरं वाटतं, इथे नेमकं उलटं, घाम येऊच द्यायचा नाही आणि थांबलं की आधी जॅकेट अंगात, मग पाणी.

स्नोशूज एमएसआरचे होते, ही इथली सिएटलचीच कंपनी. बायकांचा साइज, 22 इंची आणि जरा निमुळता, त्यामुळे पाय फेंगडे टाकून चालावं लागत नाही. आपला बूट घट्ट बांधायचा पण टाच मोकळी राहते, बोटांपाशी बिजागरी असल्यासारखं फिरतं आणि खाली लोखंडी दात. चढाला पुढचे दात रोवायचे, उताराला गुडघे किंचित वाकवून वजन टाचेवर. मागे मात्र पाऊल टाकायचं नाही, शेपटीकडचा भाग बर्फात रुततो आणि तुम्ही बसता. एक तेलुगू मुलगी फोटोसाठी "थोडं मागे" म्हणता म्हणता अशीच बसली, मग गाइडने तिथेच उठायचं शिकवलं, दोन्ही काठ्यांची बर्फावर फुली करायची, त्यावर हात टेकून आधी गुडघ्यावर यायचं. सगळ्यांना मुद्दाम पडायला लावलं. वहिनी पडल्या आणि माझ्या आधी उठल्या, रोजच्या सूर्यनमस्कारांचा फायदा म्हणे.

बर्फ भुसभुशीत वगैरे असेल ही कल्पना डोक्यातून काढा. पास जेमतेम 3,022 फुटांवर आहे, समुद्रावरची ओल थेट इथे येते आणि तापमान शून्याच्या आसपास घुटमळत असतं, त्यामुळे बर्फ जड आणि ओला, भिजलेल्या साबुदाण्यासारखा गचका, आणि कधी सरळ पाऊसच. इथले लोक त्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात. गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) नसतील तर बुटात पाणी गेलंच समजा, आम्हाला त्यांनी दिले होते.

मला सगळ्यात भिडलं ते एका हेमलॉकच्या झाडापाशी. फांद्या खाली वाकलेल्या, खोडाभोवती छान बर्फ, फोटोला एकदम झकास जागा. गाइड म्हणाली थांबा, लांबूनच काठी आत घातली, आणि काठी मुठीपर्यंत आत गेली, कशालाच टेकली नाही. फांद्यांमुळे खोडापाशी बर्फ भरतच नाही, पोकळी राहते, त्याला ट्री वेल म्हणतात, माणूस त्यात डोक्यावर पडला की स्वतःहून बाहेर येणं फार कठीण. इतकी वर्षं मी त्याच झाडांना खेटून पोरांचे फोटो काढत आलेय!

हिमकडे कोसळण्याचंही (अ‍ॅव्हलांच) सांगितलं. निघायच्या आधी तिने नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचून दाखवला (धोक्याच्या पाच पायऱ्या असतात), मग काठीवर फोन ठेवून समोरच्या उताराचा कोन मोजून दाखवला. साधारण 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात वाईट, आणि आपण सपाटीवर असलो तरी वरून सुटलेला बर्फ खाली लांबपर्यंत येतो, म्हणून तळ्याच्या पुढे दरीत घुसायचं नाही. हे यूट्यूबवर बघून कळत नाही हो, जागेवर उभं राहिल्यावर कळतं.

फक्त बायका असल्याचा फायदा काय, तर कुणी पुढे धावत नाही आणि सू-सू हा विषय पहिल्या दहा मिनिटांत उघड होतो. पार्किंगला टॉयलेट आहे, पुढे काही नाही. वाटेपासून आणि पाण्यापासून लांब जायचं, कागद झिपलॉकमध्ये घालून परत आणायचा, स्नोशू न काढता कसं बसायचं तेही तिने करून दाखवलं, कपडे घालूनच अर्थात. हसून हसून मेलो. पण यामुळे कुणी पाणी कमी प्यायलं नाही, आणि बर्फात पाणी कमी पिणं हा बायकांचा नेहमीचा घोळ आहे.

आता तक्रारी. एक, स्नो-पार्क परमिट. डिसेंबरपासून इथे गाडी लावायला ते वेगळं लागतं, उन्हाळ्यातला नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास चालत नाही, आणि हे ईमेलच्या पार तळाशी बारीक अक्षरात. फी एवढी घेता तर हे पहिल्या ओळीत लिहा ना! दोघींना पार्किंगमध्ये फोनवर काढत बसावं लागलं. दोन, बुकिंगला छोटा ग्रुप म्हटलं होतं, प्रत्यक्षात बारा जणी आणि गाइड एक, सोबतची मदतनीस पोरगी गोड होती पण नवीन, त्यामुळे मागच्यांना अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं. तीन, जेवणाचा ब्रेक फारच लांबला, बसायला फोमचे तुकडे दिले तरी बोटं बधिर झाली. सूप कोमट होतं, आमच्या थर्मासमधला आल्याचा चहा आणि तिळाच्या वड्यांवर अर्ध्या ग्रुपने ताव मारला. कॅनडा जे नावाचे राखाडी पक्षी अगदी हातावर येऊन बसायला बघतात, त्यांना मात्र वडी द्यायची नाही म्हणून गाइड ओरडली, बरोबरच आहे.

आईला किंवा सासूबाईंना नेऊ का? रोज तासभर चालत असतील तर खुशाल न्या, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर नको. पोरीबाळी ज्या आधीच हाइक करतात त्यांना वेग कंटाळवाणा वाटेल, त्यांनी शूज भाड्याने घेऊन हिमकड्यांचा अंदाज बघून आपलं आपण जावं. जानेवारी-फेब्रुवारीचे शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि उशिरा पोचलात तर पार्किंग मिळणार नाही, त्यामुळे वीकडे जमला तर उत्तम.

वहिनींना आता माउंट रेनियर नॅशनल पार्कमधलं पॅराडाइज बघायचंय, कारण 1971-72 च्या हिवाळ्यात तिथे 1,122 इंच बर्फ पडला होता हे गाइडने सांगून ठेवलंय. तिथे रेंजर लोक हिवाळ्यात स्नोशू वॉक घेत आलेत, यंदाचं पार्कच्या साइटवर बघून घ्या, आणि गाडीत टायरला लावायच्या चेन्स ठेवा, 1 नोव्हेंबर ते 1 मे फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी कम्पलसरी आहेत.