कल्टच्या नादी लागलेली पोरगी: 'द गर्ल्स' घ्यावं की 'दि इन्सेन्डिअरीज'?

दोन्ही लेखिकांच्या या पहिल्याच कादंबऱ्या. एमा क्लाइनची 'द गर्ल्स' २०१६ची, आर. ओ. क्वॉनची 'दि इन्सेन्डिअरीज' २०१८ची. दोन्हीत एकटी पडलेली मुलगी, एक बोलघेवडा बाबा आणि शेवटी रक्तपात, त्यामुळे एक वाचली की दुसरी वाचायची गरज नाही असं मला आधी वाटलेलं. ते साफ चुकीचं निघालं.

'द गर्ल्स' घडते १९६९ च्या उन्हाळ्यात, उत्तर कॅलिफोर्नियात. एव्ही चौदा वर्षांची, आईवडिलांचा घटस्फोट झालेला, आई स्वतःला सुधारायच्या नवनव्या फॅडमध्ये आणि नवीन बॉयफ्रेंडमध्ये गुंतलेली, एकुलती एक मैत्रीणही तुटते. पार्कात तिला तीन मळक्या, बिनधास्त पोरी दिसतात आणि त्यातल्या सुझानवरून तिची नजर हटत नाही. पुढे ती त्यांच्या रँचवर पोचते. तिथला म्होरक्या रसेल उघडच चार्ल्स मॅन्सनवर, म्हणजे १९६९ मध्ये आपल्या भक्तांकरवी खून पाडणाऱ्या अमेरिकन कल्टच्या म्होरक्यावर, बेतलेला आहे, आणि शेवट कुठे जाणार हे पहिल्या काही पानांतच कळतं, म्हणजे सस्पेन्ससाठी घेत असाल तर राहू द्या.

पण मजा अशी की एव्ही रसेलसाठी जातच नाही हो, ती जाते सुझानसाठी. सुझानला दुकानातून टॉयलेट पेपर हवा असतो, एव्ही म्हणते मी चोरून आणते, आत जाते, गुपचूप पैसे मोजून विकत घेते आणि बाहेर येऊन चोरला म्हणून सांगते. बस्स, त्या खोट्या चोरीत सगळं पुस्तक आलं. आपल्याकडे कुणीतरी बघावं म्हणून चौदाव्या वर्षी माणूस काय काय करतं ते इतकं जवळून दाखवलेलं मी फार कमी वाचलंय. नंतर ती खरंच चोऱ्या करायला लागते, आईच्या पैशांपासून सुरुवात, आणि तोवर वाचणारा पण तिच्या बाजूने इतका गेलेला असतो की दचकायला जरा उशीरच होतो.

'दि इन्सेन्डिअरीज'मध्ये मात्र पोरगी हातीच लागत नाही. फीबी कॉलेजात आहे, कोरियन-अमेरिकन, एकेकाळी जीव तोडून पियानो वाजवायची आणि सोडून दिला, शिवाय आईच्या मृत्यूचं ओझं. गोष्ट मुख्यतः सांगतो तिचा बॉयफ्रेंड विल, ज्याची स्वतःची देवावरची श्रद्धा उडालेली आहे. जॉन लील हा अनवाणी फिरणारा माणूस, उत्तर कोरियाच्या छावणीत कैदेत होतो असं सांगणारा, फीबीला हळूहळू आपल्या कट्टर धार्मिक गटात ओढून नेतो, हा गट गर्भपात केंद्रांवर बॉम्ब टाकण्यापर्यंत जातो आणि विल नुसता बघत राहतो. क्वॉनची स्वतःची श्रद्धा सतराव्या वर्षी गेली आणि या पुस्तकावर तिने दहा वर्षं घालवली. विलच्या तोंडी देव गमावल्याचं दुःख येतं ना, ते उसनं वाटत नाही ते त्यामुळेच असावं. जॉन लील मात्र मला कागदीच वाटला.

भाषेचं म्हणाल तर क्लाइन उपमांचा मारा करते, कधीकधी एका परिच्छेदात तीन, मला मध्येच थांबावं लागलं. क्वॉन उलट, वाक्यं इतकी छाटलेली की दोनदा वाचावी लागतात. 'द गर्ल्स' साडेतीनशेच्या आसपास पानं, दुसरी सव्वादोनशेच्या आत, पण वेळ जवळपास सारखाच लागला.

दोन्हीत लैंगिक जबरदस्तीचे प्रसंग आहेत, आणि एव्ही चौदाची आहे हे लक्षात ठेवून घ्या.

मुलगी कल्टकडे का ओढली जाते हे आतून समजून घ्यायचं असेल तर 'द गर्ल्स', डोळे झाकून. जवळचं कुणी असं कल्टच्या नादी लागून गेलेलं असेल आणि मागे राहिलेल्याचं काय होतं ते वाचायचं असेल तर क्वॉन. आणि ती घेतलीत तर संपल्यावर पहिलं पान परत उघडा. गच्चीवर जमून स्फोट बघणारी ती मंडळी, पहिल्यांदा वाचताना मी सरळ खरी धरलेली, दुसऱ्यांदा कळलं की विल तिथे नव्हताच, तो अंदाज बांधतोय.