दस्तुरी नाक्यावर ९,८०० रुपये गेले, आणि गाडीची शिट्टी मला ऐकू येत होती

आकडा आधीच लिहिते. नऊ हजार आठशे रुपये. सासरी आणि माहेरी दोन्हीकडे मी "पाचेक हजार गेले" असं सांगितलंय, कारण खरा आकडा तोंडातून बाहेर पडेना. आज लिहितेय, कारण दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्यात आणि लहान मुलं घेऊन माथेरानला निघालेल्या दोन मैत्रिणींनी मला विचारलं, "घोड्यावर बसवायचं का गं मुलांना?"

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही गेलो. लेक सात वर्षांची, मुलगा चारचा. लेकीला घोड्याचं वेड आहे आणि परीक्षा संपली की बसवेन, असा शब्द मी तिला दिला होता. माथेरानात गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात, तिथे गाडी लावून डिकी उघडतोय तोच एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकत होतं, बोलणं अगदी गोड. "ताई, मुलं लहान आहेत, चालवू नका. हॉटेल साडेपाच किलोमीटर आत आहे."

मी मिनी ट्रेनचं विचारलं. तो म्हणाला, "पावसाळ्यात गाडी बंद असते. ऑक्टोबरात सुरू होईल."

हे मी नीट सांगणार आहे, कारण "तू शिकलेली बाई, कशी फसलीस?" हे मला रोज ऐकावं लागतंय. नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यात खरंच बंद असते. मी ते निघायच्या आधी वाचलं होतं, म्हणूनच तर आम्ही स्वतःची गाडी काढली. जे वाचलं होतं तेच तो बोलत होता, मग संशय कशाचा घ्यायचा? अमन लॉज ते माथेरान एवढ्याच अंतरात ये-जा करणारी मिनी ट्रेन, म्हणजे शटल, मात्र पावसाळ्यातही चालते. ती वेगळी. अमन लॉज स्टेशन दस्तुरीच्या वाहनतळापासून चालत काही मिनिटांवर आहे. आणि तिथून बाजारपेठ साडेपाच नाही, तीन किलोमीटरच्या आत आहे. अर्धं खरं सांगून उरलेलं अर्धं दाबायचं, हाच त्यांचा धंदा.

आणि मग तो क्षण. मी पर्समधून फोन काढत होते. मुलगा माझा हात ओढत म्हणाला, "आई, गाडी आली." शिट्टी मलाही ऐकू आली. झाडांमागून, स्पष्ट. मी त्या माणसाकडे बघितलं. तो डोळाही न लववता म्हणाला, "ती मालाची गाडी आहे, ताई." आणि मी पोरालाच म्हटलं, "थांब रे जरा, काका बोलतायत ना." चार वर्षांचं पोर खरं बोलत होतं आणि मी त्याला गप्प केलं. पैसे विसरेन, पण हे मला विसरता येत नाही. रात्री अंथरुणावर पडलं की तीच शिट्टी ऐकू येते. दहा पावलं पुढे जाऊन बघितलं असतं तर रूळ दिसले असते, तिकिटाची रांग दिसली असती. नवरा तेव्हा वाहनतळाची पावती घेत होता, पाऊस भुरभुरत होता, बॅगा भिजत होत्या. पण दहा पावलं होती.

"फॅमिली पॅकेज" ६,८०० रुपयांचं ठरलं. चार घोडे, हॉटेलपर्यंत सोडणार, दुपारी एकूण बारा पॉइंट दाखवणार, मुलांना शांत घोडे देणार. ३,००० तिथेच यूपीआयने आगाऊ दिले. पैसे ज्या नावावर गेले ते त्या माणसाचं नव्हतंच. विचारलं तर "भावाचं खातं आहे" म्हणाला. हेही मी सोडून दिलं.

निघताना सामानाचे ६०० वेगळे. मग मुलांना धरून चालायला माणूस लागेल म्हणून दोघांचे पाचशे-पाचशे, म्हणजे १,०००. मुलांसाठीचं पॅकेज म्हणून विकलं आणि मुलांना धरायचे पैसे वेगळे घेतले! एवढं करून धरायला आला एकच पोरगा, तोही जेमतेम पंधरा-सोळाचा, दोन्ही घोड्यांचे लगाम एका हातात धरून. माझ्या मुलाचे पाय रिकिबीपर्यंत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीपर्यंत, पोचतही नव्हते, नुसते लोंबत होते. चारदा सांगितल्यावर पट्टा आखूड करायच्या ऐवजी त्याने पाय पट्ट्यातच अडकवून दिले. हे किती वाईट ते मला नंतर कळलं. घोडा बिचकला, पोर घसरलं, तर अडकलेल्या पायासकट फरफटत जातं. कुणीही असं करू लागला तर त्याच क्षणी मूल खाली उतरवून घ्या. पैशाचं नंतर बघता येतं.

दुपारी दाखवलेले ते बारा पॉइंट म्हणजे काय? लॉर्ड्स पॉइंट, एको पॉइंट, शार्लोट लेक, पिसारनाथाचं देऊळ. ही सगळी एकमेकांना लागून आहेत, पायी आरामात होतात. वाटेतलं एक वळण आणि एक बंद बंगलाही त्याने पॉइंट म्हणून मोजला. पॅनोरमा पॉइंट कबूल केला होता. तो गावाच्या पार उत्तरेला आहे. "धुकं आहे, काही दिसणार नाही" म्हणून तो कापला. तलावाजवळ सांगितलं, "हे घोडे इथपर्यंतच, परतीचे वेगळे." त्याचे १,४००. तिथे मी भांडले. तेवढ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवर लेकीच्या घोड्याचा मागचा पाय सरकला, ती ओरडली, घोडेवाल्याने तिला कमरेला धरलं म्हणून वाचली. मला रडूच आलं. नवऱ्याने उरलेले ३,८०० आणि वरचे १,४०० देऊन टाकले आणि आम्ही पोरांना खांद्यावर घेऊन चालत परतलो.

घोड्यावरून पडून माथेरानात पर्यटक दगावल्याच्या बातम्या मी घरी आल्यावर वाचल्या. आणखी एक बातमी वाचली आणि संतापाने अंग थरथरलं. मार्च २०२५ मध्ये याच कारणासाठी, दस्तुरीवर पर्यटकांना खोटी माहिती देऊन लुबाडतात म्हणून, खुद्द माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला होता. गावाने स्वतःची दुकानं, हॉटेलं बंद ठेवून ओरडून सांगितलं होतं. मग ज्यांच्या हातात अधिकार आहेत त्यांना हे माहीत नाही, असं मी कसं मानायचं?

रविवारी सकाळी मी तक्रार द्यायला गेले. पहिल्या ठिकाणी टेबलावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "घोड्याचा नंबर?" माझ्याकडे नव्हता. "नंबर नाही तर कुणावर कारवाई करू?" मी म्हटलं, यूपीआयचं नाव आहे, माणसाचा पाठमोरा फोटो आहे. "ते आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. तिथे चाळीस मिनिटं उभं ठेवलं, मुलगा माझ्या पायाशी बसला होता, आणि मग सांगितलं की वाहनतळाची हद्द आपली नाही. तिसरे साहेब जेवायला गेले होते. ते आल्यावर म्हणाले, "मॅडम, तुम्ही घोड्यावर बसलात ना? पैसे खुशीने दिलेत ना? मग फसवणूक कसली?" खुशीने! लेकीच्या कमरेला वळ उठला होता, तो दाखवू का म्हटलं तर "आवाज खाली ठेवा" म्हणाले. लेखी तक्रार घ्या आणि पोच द्या म्हटलं तर शिक्का मारणारा माणूस सुट्टीवर. हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी बँकेकडे जायला सांगितलं. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. मी कर भरते, माथेरानात शिरताना प्रवेशकराची पावती फाडते, आणि माझी तक्रार घ्यायला एक माणूस जागेवर नसतो.

परतताना शटलनेच आलो. दोघांचं आणि मुलांचं मिळून तिकीट त्या सामानाच्या ६०० पेक्षा कितीतरी कमी झालं. घोड्यांच्या दराचा फलकही तेव्हाच दिसला. आदल्या दिवशी त्या माणसाने आम्हाला नेमकं त्याच्याकडे पाठ करून उभं केलं होतं.

सगळे घोडेवाले असे नाहीत, हेही लिहायला हवं. रविवारी बाजारातल्या एका वयस्कर काकांनी लेकीला अर्धा तास फिरवलं. आधी भाव सांगितला, फलकावर होता तोच. रिकीब तिच्या पायाला लावून आखूड केली, टाच खाली ठेवायला शिकवलं, लगाम एकदाही सोडला नाही, घोडा एकदाही दौडवला नाही. मुलाला मात्र बसवायला नकार दिला. "एवढ्या लहान पोराला पावसात नको, ताई." पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस मला तिथे तो एकटाच भेटला. त्याच्या घोड्याचा नंबर लेकीने वहीत लिहून घेतला.

जाणार असाल तर दस्तुरीवर उतरल्या उतरल्या कुणाशीही बोलू नका, सरळ अमन लॉजकडे चालू लागा. शटल सुरू आहे का ते खिडकीवरच विचारा. घोडा ठरवण्याआधी घोड्याचा नंबर आणि घोडेवाल्याचं ओळखपत्र यांचा फोटो काढा. तो काढू देत नसेल तर तिथेच सोडा. "पॅकेज" हा शब्द ऐकला की पॉइंटची नावं कागदावर लिहून मागा. एका मुलामागे एक माणूस, आणि तो भावातच. घरून सायकलचं हेल्मेट न्या, तिथे मागून मिळेल या भरवशावर राहू नका. चप्पल नको, बूट हवेत. आगाऊ पैसे अजिबात देऊ नका. आणि मूल काही सांगत असेल तर त्याचं ऐका.

मी ईमेलने पाठवलेल्या तक्रारीला तेवीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." कुणाला विचारलं, काय चौकशी केली, काही नाही. माहिती अधिकाराचा अर्ज काल स्पीड पोस्टाने पाठवला. पावती जपून ठेवली आहे.