आबांना आधी कुठे न्यावं: कानाच्या डॉक्टरकडे की मेंदूच्या?

सत्तरी ओलांडलेले आबा तेच तेच विचारू लागले की घरात दोन मतं पडतात. थोरला म्हणतो स्मरणशक्ती तपासू, धाकटा म्हणतो आधी कान दाखवू. धुळे, जळगावला एकेक फेरी म्हणजे पैसा आणि मजुरीचा खाडा, म्हणून आधी लक्षणं ताडून पाहावीत.

कानाने कमी ऐकू येणाऱ्याला सांगितलेलं राहत नाही, पण वाचलेलं, पाहिलेलं पक्कं असतं. पेपरातला कापसाचा भाव आबा बरोबर सांगतात. ओट्यावर चौघं एकदम बोलू लागले की मात्र गप्प होतात. स्मृतिभ्रंशात वाचलेलंही विसरतं, रोजची शेतवाट चुकते, सुट्ट्या पैशांचा हिशेब जमत नाही. जिनिंगमध्ये किंवा यंत्रमागावर उमर गेली असेल तर कानावरचा संशय आणखी वाढतो.

दोन्ही एकत्रही असू शकतं. तरी माझा कौल आधी कानाला. स्मरणशक्तीच्या चाचणीत शब्द तोंडी सांगून परत म्हणायला लावतात. शब्द नीट ऐकूच आला नाही तर गुण उगाच जातात. (अहिराणी बोलणाऱ्याला प्रश्न अहिराणीतच विचारायला सांगा.) कानात नुसता मळ निघाला तर काम तिथेच झालं.

कानाचं मशीन लावल्याने स्मरणशक्ती परत येते, असं कुणी सांगितलं तर मानू नका. २०२३ साली अमेरिकेतल्या ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या कानाच्या मशीनच्या चाचणीचा निकाल आला. तीन वर्षांत सगळ्यांचा मिळून स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच स्मरणशक्ती घसरण्याचा धोका जास्त होता, त्यांची घसरण मात्र ४८ टक्के मंदावली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे. मेंदूची शक्ती ऐकण्यातच खर्ची पडते आणि माणूस चारचौघांतून उठून जातो, ही त्यामागची दोन कारणं सांगतात.

बाजारातलं स्वस्त यंत्र भांड्यांचा आवाजही तितकाच वाढवतं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून बसवलेलं मशीन ज्या सुरांत कमी ऐकू येतं तेच उचलतं. गरीब घरातल्या ज्येष्ठांनी मशीनसाठी केंद्राच्या वयोश्री योजनेत चौकशी करावी.

एकाएकी एक कान गेला, किंवा अचानक भ्रम झाला, जीभ अडखळली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी मशीनची सवय व्हायला काही आठवडे द्या. तरी विसरणं चालूच राहिलं तर मेंदूच्या डॉक्टरकडे न्या, मशीन कानातच ठेवून.